शेवटची बस आणि भाईंची संध्याकाळ

भाई हे त्यांचं खरं नाव नाही. पण आमच्याकडं त्या वयाच्या निम्म्या पुरुषांना भाईच म्हणतात, म्हणून तेच ठेवते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला माणूस, वय आज पन्नाशीच्या आसपास. पत्नी अंगणवाडीत मदतनीस, एक मुलगी, एक मुलगा, आणि माजघरात सत्तरी ओलांडलेली आई. मी एका आरोग्य केंद्रात समुपदेशनाचं काम करते. लिहिलेलं सगळं भाई आणि वहिनी दोघांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन गोष्टी काढायला सांगितल्या, त्या काढल्या, आणि मगच हे बाहेर देते आहे.

दारू सोडवण्याबद्दल विचारायला येणाऱ्या घरच्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भरती कुठं करायचं?" परत आल्यावर संध्याकाळी सहा वाजता तो माणूस कुठं असेल, हे मला आजवर कुणी आपणहून विचारलेलं नाही. भाईंच्या बाबतीत सुरुवातीला मीसुद्धा ते विचारलं नाही, आणि त्याची किंमत त्या घरानं तीन वर्षं मोजली.

ट्रक उभा राहिला तेव्हा

भाईंचे खनिज वाहून नेणारे दोन ट्रक होते. दुसरा 2011 साली कर्ज काढून घेतला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी उठवली तरी काम रखडत रखडत सुरू झालं, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प झालं. ट्रक अंगणाच्या कडेला उभा, टायरांत गवत, आणि बँकेचे हप्ते चालू.

दारू त्याआधीही होतीच. काजूच्या हंगामात दारू गाळायच्या भाटीवर जाऊन ताज्या हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, ग्लास घेणं याला आमच्याकडं कुणी पिणं म्हणत नाही. पण 2018 च्या पावसाळ्यापर्यंत भाईंची सकाळ क्वार्टरनं सुरू व्हायला लागली. हात थरथरायचे, ते थांबवण्यासाठी घ्यायचे. ही खूण घरच्यांनी ओळखायला हवी. सकाळी थरथर थांबवण्यासाठी दारू लागते म्हणजे शरीर तिच्यावर अवलंबून झालेलं असतं. त्यापुढं "मनावर घे, सुटेल" या सल्ल्याला अर्थ उरत नाही.

भाई घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजवायचे. गावातल्या आरत्यांना त्यांच्या घुमटाशिवाय रंग चढायचा नाही असं म्हातारी माणसं सांगतात. घुमटाच्या एका तोंडाला चामडं असतं, दुसरं उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डावा तळवा उघड्या तोंडावर दाबत-सोडत नाद घडवायचा असतो. 2018 च्या चतुर्थीला त्यांचा डावा हात त्या तोंडावर नुसता थडथडत राहिला. दुसऱ्या आरतीला कुणीतरी घुमट हळूच त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त लाज कधी वाटली असं मी विचारलं, तर भाईंनी कर्जाचं नाव घेतलं नाही. हा प्रसंग सांगितला.

पहिले तीन प्रयत्न

2019 च्या चतुर्थीला "पाच दिवस तरी घरात दारू नको" म्हणून मेहुण्यांनी भाईंना खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. हेतू चांगला होता. तिसऱ्या रात्री भाईंना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, घामानं अंथरूण भिजलं, आई ओळखू येईना, आणि पहाटे फिट आली. 108 ची रुग्णवाहिका बोलावून त्यांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं, म्हणून वाचले.

हा भाग मी प्रत्येक घरी सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. फिटचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. भास, भ्रम, ताप, धावपळ अशी भयंकर अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते, आणि तिच्यात माणूस दगावतो. आधी एकदा फिट येऊन गेली असेल तर पुढच्या वेळी धोका वाढतो. रुग्णालयात लोराझेपामसारखी औषधं देऊन आणि ती टप्प्याटप्प्यानं कमी करून हा काळ सुखरूप पार पाडता येतो. थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक, इंजेक्शनानं देतात, तेही ग्लुकोज चढवण्याआधी, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कडी लावलेल्या खोलीत यातलं काहीच नसतं.

भाई घरी आले तेव्हा मनोविकार विभागात दाखवण्याची चिठ्ठी त्यांच्या कागदांत होती. वहिनी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आमच्या केंद्रात आल्या तेव्हा ती त्यांनी मला दाखवली. मी वाचली आणि म्हटलं, "नक्की घेऊन जा हं." बस्स. तारीख विचारली नाही, सोबत कोण जाणार ते विचारलं नाही, आठ दिवसांनी फोन केला नाही. अकराव्या दिवशी भाई तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात होते. चिठ्ठी कपाटात राहिली. ही माझी चूक आहे.

पुढच्या वर्षी वहिनींनी भिंतीवरच्या जाहिरातीतून पावडर मागवली. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्या पातळभाजीत पावडर मिसळत राहिल्या. एका संध्याकाळी भाईंचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्यांवर उलट्या, आणि ते ओसरीवर कोसळले. पावडरीत डायसल्फिराम असावं असा डॉक्टरांना संशय आला. हे खरं औषध आहे आणि योग्य माणसाला उपयोगीही पडतं. पण ते घेणाऱ्यानं दारू प्यायली तर शरीरात विषारी घटक साठून हा प्रकार होतो, शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो. म्हणून ते माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करूनच देतात. ते घेणाऱ्याला खोकल्याच्या काही औषधांपासून आणि आफ्टरशेव्हपासूनही जपायला सांगतात. आमच्या गोव्यात तर विनागार, म्हणजे व्हिनेगर, घातलेल्या स्वयंपाकाचीही आठवण द्यावी लागते. चोरून दिलेल्या पावडरीबरोबर हे कोण सांगणार? त्या दिवसानंतर भाई घरात जेवेनासे झाले. वहिनींच्या हातचं अन्न त्यांना वर्षभर नको होतं. औषधाच्या परिणामापेक्षा ही इजा भरून यायला जास्त वेळ लागला.

तिसरा प्रयत्न राज्याबाहेरच्या एका खासगी केंद्रात. वहिनींनी बांगड्या गहाण ठेवल्या. चार माणसं गाडी घेऊन आली आणि भाईंना उचलून घेऊन गेली. तिथं डॉक्टर दिसला नाही. डोकं भादरलं, पहिले काही दिवस पाय बांधून ठेवले, महिनाभर घरच्यांशी बोलू दिलं नाही. सहा आठवड्यांनी सोडलं, आणि गावात पोचण्याआधी, डिचोलीच्या बसस्टँडवर उतरल्या उतरल्या भाई प्यायले.

कुटुंबांना माहीत नसतं म्हणून इथं थांबून सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे येतात. अशा केंद्राला नोंदणी लागते. साखळदंडानं बांधायला कायद्यानं बंदी आहे, जबरदस्तीनं डोकं भादरता येत नाही. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येतं, पण त्यासाठी तज्ज्ञांनी त्याला तपासावं लागतं आणि त्याला 30 दिवसांची मर्यादा आहे. त्यापुढं ठेवायचं तर पुन्हा वेगळी प्रक्रिया. कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणी दाखवा, डॉक्टर कोण आणि किती वेळा येतात, आणि आम्हाला भेटू देणार का. यातल्या एकाचं जरी उत्तर टाळलं तर उठून यावं.

चौथ्यांदा

जुलै 2022. वहिनी पुन्हा रक्तदाबासाठी आल्या, या वेळी भाईंना घेऊन. त्यांनी आणलं असं म्हणणं बरोबर नाही, भाई स्वतः आले. मुलगी बारावीला होती. आदल्या रात्री ती भाईंच्या बाटलीत पाणी मिसळताना सापडली होती. भाई ओरडले नाहीत. तिनं विचारलं, "निम्मं पाणी घातलं तर निम्मंच नुकसान होतं ना?" भाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते, आणि हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, 40 पैकी गुण मिळतात. भाईंना 29. हा आकडा का महत्त्वाचा ते सांगते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेनं एक अभ्यास केला होता, 2017 साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी एक ते चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातल्या 36 टक्के पुरुषांचं पिणं घातक पातळीच्या खाली आलं होतं, बैठका न मिळालेल्यांत 26 टक्के. माझ्यासारखीनं अभिमान बाळगावा असं काम आहे. पण ते 12 ते 19 गुणांच्या माणसांसाठी होतं. 20 आणि त्यावर गुण असलेल्याला नुसत्या बोलण्यावर ठेवणं म्हणजे मोडलेल्या हाडाला तेल चोळणं. भाईंना बांबोळीची मनोविकार संस्था, म्हणजे आयपीएचबी, हाच मार्ग होता.

"वेड्यांच्या इस्पितळात?" भाईंची आई म्हणाली. गावात 'बांबोळीला नेलं' याचा एक अर्थ तोच लावतात. मी आईंना म्हटलं, तीन वर्षांपूर्वी मुंग्या दिसत होत्या तेव्हाही बांबोळीलाच वाचवलं ना. त्या काही बोलल्या नाहीत, पण सकाळी भाईंच्या पिशवीत टॉवेलबरोबर त्यांनी देवाचा अंगारा घालून दिला. या वेळी चिठ्ठी देऊन मी थांबले नाही. तारीख घेतली, सोबत भाचा जाईल हे ठरवलं, आणि सकाळी सातला फोन केला.

तिथल्या उपचारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते जसे व्हायला हवेत तसे झाले. बारा दिवस. औषधांखाली दारू उतरवली, थायमिन दिलं, रक्त तपासलं. यकृताला सूज होती, म्हणून तलफ कमी करण्यासाठी डॉक्टरांनी अकॅम्प्रोसेट निवडलं. ते यकृतात न मोडता मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. गोळ्या दिवसातून तीन वेळा घ्याव्या लागतात, त्या जेवणांना बांधल्या. वहिनी गोळ्या पुढं ठेवणार नाहीत, भाई स्वतः डबीतून काढणार, असं दोघांनी ठरवलं. पावडरीच्या प्रसंगानंतर हे गरजेचंच होतं.

संध्याकाळ

घरी सोडायच्या तीन दिवस आधी आम्ही पाचजण बसलो: भाई, वहिनी, भाचा, तिथल्या समाजसेविका आणि मी. कालनिर्णयचं एक जुनं पान उलटं करून त्यावर दिवस लिहिला. सकाळ सोपी निघाली. काकांच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, सुपारीचं काम होतं, शिंपणं होतं. दुपार जेमतेम भरली. पाच ते आठ मात्र पानावर कोरे राहिले. भाईंना मी विचारलं, या वेळात आजवर काय करत होता? "तावेर्न." त्याआधी? "ट्रक." खाणीची फेरी संपवून ट्रक लावायची वेळ तीच. वीस वर्षं त्या वेळी हातात स्टिअरिंग होतं, नंतर ग्लास. आता काय?

मी अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुचवलं. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली ही दारू सोडू पाहणाऱ्यांची सोबत. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. सभा होती म्हापशाच्या बाजूला, चर्चच्या सभागृहात, संध्याकाळी साडेसहाला. भाई म्हणाले, "आम्ही कसे जायचे तिथं?" हा प्रश्न मला दरवेळी ऐकू येतो. जागा चर्चची असते, सभा धर्माची नसते. दारू सोडण्याच्या ज्या पायऱ्या ते सांगतात त्यांच्यात देवाचा उल्लेख येतो तोही 'ज्याला जसा समजतो तसा' एवढाच. पण या समजावण्यानं भाई गेले नाहीत. तिथल्या एका म्हाताऱ्या तारवट्यानं, जहाजावर आयुष्य काढलेल्या खलाशानं, त्यांना फोन केला आणि कोंकणीतून एवढंच म्हणाला, "गेटीर रावतां." गेटवर उभा राहतो. तो उभा राहिला, म्हणून भाई गेले.

आणि तिथं अडलं ते बसवर. सभा आठला संपते, आणि भाईंच्या गावाची शेवटची बस पावणेआठला. पहिल्या आठवड्यात भाई सभा अर्धी सोडून निघाले. दुसऱ्या वेळी बस चुकली, पायलटला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलला, पैसे नव्हते, आणि परतीच्या रस्त्यावर उघडी तावेर्नं तीन. त्यांनी तारवट्याला फोन केला. चौसष्ट वर्षांचा माणूस रात्री स्कूटरवरून त्यांना घरी सोडायला आला. पुढं हेच ठरून गेलं: मंगळवारी तो सोडणार, शुक्रवारी भाचा. एखाद्याचं टिकेल की नाही हे सांगायचं तर मी आता जिद्दीआधी परतीची सोय विचारते.

एम्सनं केलेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या जास्त वापराच्या राज्यांत गोव्याचं नाव होतं. त्याच पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागं एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार 180 मागं एकाला. उरलेल्यांत इच्छा नसलेले सगळे नसतात. कित्येकांच्या घराच्या वाटेवर तीन तावेर्नं असतात आणि बस नसते.

वहिनींसाठी वेगळी सोय लागली. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची सोबत 1951 पासून चालत आली आहे. वहिनी दोनदाच गेल्या, पुढं फोनवर एका बाईशी बोलत राहिल्या. ती बाई त्यांना सांगायची की ही दारू तुमच्यामुळं आली नाही आणि तुम्ही पहारा ठेवून ती जाणारही नाही. वहिनींचा रक्तदाब त्या वर्षी पहिल्यांदा आटोक्यात आला.

चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी होती, भाईंना घरी येऊन महिनाही झाला नव्हता. गावातल्या फिरत्या आरत्यांना जायचं नाही असं भाईंनीच ठरवलं, कारण रात्री उशिरा बाटल्या निघतात. घरच्या गणपतीपुढं मात्र त्यांनी घुमट मांडीवर घेतलं. हात स्थिर होता. आई माजघरातून बाहेर आली आणि आरती संपेपर्यंत चौकटीला धरून उभी राहिली.

एप्रिल

आठव्या महिन्यात घसरण झाली. काजूचा हंगाम, भाट्या पेटलेल्या, वाऱ्यावर हुर्राकाचा वास. भाईंच्या घरापासून भाटी हाकेच्या अंतरावर. त्या आठवड्यात ट्रक भंगारात विकला होता, आणि तारवटी मुलीकडं बेंगळुरूला गेला होता. थकवा, राग, एकटेपण, भूक या चारांतलं एकही असलं की तलफ जोर करते. त्या दिवशी चारही होते. भाईंनी दुपारी जेवण टाळलं आणि गोळीही.

रात्री नऊला वहिनींनी मला फोन केला. त्या ओरडत नव्हत्या. कालनिर्णयच्या त्याच पानाच्या खाली आम्ही एक ओळ लिहून ठेवली होती: "प्यायले तर भांडण उद्या, फोन आज." खाली तीन नंबर. त्यांनी तीनही फिरवले. सकाळी साडेसातला भाचा भाईंना घेऊन बांबोळीला निघाला. पुन्हा भरती करावं लागलं नाही. एक संध्याकाळ आणि अर्धी रात्र, एवढ्यावर थांबलं. भाई सभेत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज पहिला दिवस." आठ महिने वाया गेले असं त्यांना वाटत होतं. तसं झालं नव्हतं. 2019 साली घसरणीनंतर ते जवळजवळ तीन वर्षं पीत राहिले होते, या वेळी दहा तास.

त्यानंतर हंगामाचे तीन महिने भाई मामेभावाकडं फोंड्याला राहायला जातात. एवढा साधा बदल पहिल्याच वर्षी आमच्या डोक्यात यायला हवा होता.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलायची वेळ आली तर दोन नंबर त्या पानावर मी नंतर लिहिले, ते इथंही देते: व्यसनासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी 14446, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416. दोन्ही फुकट आहेत.

एप्रिल 2023 पासून भाई प्यायलेले नाहीत. अकॅम्प्रोसेट डॉक्टरांच्या सल्ल्यानं थांबलं, मंगळवारची सभा थांबली नाही. आता गेटवर कधीकधी तेच उभे असतात, नव्या माणसासाठी. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलगा अजून वडिलांशी फारसा बोलत नाही, आणि त्यावर भाई घाई करत नाहीत.

वहिनी रोज रात्री भाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतात. पहाटे तो उचलताना त्या अजून त्याचा वास घेऊन पाहतात. हे भाईंना माहीत आहे. ते जागे असतात, आणि कूस बदलत नाहीत.